हवेचे पैसे

वाडी नाक्याच्या पुढं, वजनकाट्यामागच्या मोकळ्या जागेत
अकरा महिने उभा होता तो दहाचाकी.
बॅटरी मेलेली, डिझेल कोणीतरी काढून नेलेलं,
टपावर कुजलेल्या पाल्यात पिंपळाचं बोटभर रोप.
भंगारवाल्याची क्रेन सकाळपासून ओढून राहिली होती
आणि मागची चाकं, न फिरता,
नांगरासारखी जमीन उकरत चार हात घसटली नुसती.

मग मला बोलावणं आलं.

कॉम्प्रेसर हातगाडीला बांधला, पन्नास फूट लाल नळी खांद्यावर,
मागून तेजराम, कामावर लागून सोळा दिवस झालेला.
"हवा भरली तर ब्रेक लागन ना, काका?"
नाही बे. उलटं हाय.
आत स्प्रिंग असते, माझ्या दंडाएवढी जाड.
हवा आहे तोवर दबून राहते.
हवा गेली की पसरते अन् चाक धरते.
गाडी रिकामी झाली की जास्त घट्ट धरते.
"मंग माणसाचं भी, काका..."
मी म्हटलं, चौदाचा पाना दे.

मे महिना. पत्र्याला हात लावायची सोय नाही.
टाकीच्या तोंडाशी निप्पल बसवलं, दोरी ओढली,
तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकललं, लागलं.
हवेचा काटा विजेवर चालत नाही,
म्हणून केबिनमध्ये तो एकटाच जिवंत:
शून्यावर थरथरला, एकावर आला, तिथंच अडकला.
कुठंतरी फुसफुस.
साबणाचं पाणी लावत गेलो पाइपभर,
मागच्या अॅक्सलपाशी बुडबुडे फुगले.
उंदरानं कुरतडलेलं रबर.
तेवढा तुकडा बदलला, वरून ट्यूबची पट्टी ताणून बांधली.
दोन. अडीच. तीन.

बाई तेव्हा खाली येऊन उभी राहिली.
फुलवंता धुर्वे. गाडी तिच्या नवऱ्याच्या नावावर.
ताप चढला म्हणून त्यानं गाडी इथं लावली होती,
चाकाखाली दगड ठेवला, चावी खिशात घातली,
ऑटोनं मेडिकलला गेला.
चावी परत आली, बाकी घड्याळ आणि पट्टा.
हे तिनं मला सांगितलं नाही. भंगारवाल्यानं सांगितलं,
भाव कमी करता करता.

चार. साडेचार.
तिनं विचारलं, हा ब्रेक कोणी लावला होता?
म्हटलं, शेवटी चालवली त्यानं.
"म्हणजे यानंच."
म्हटलं, हो.
मग अकरा महिने, ती म्हणाली, आणि पुढं बोललीच नाही.
काटा साडेपाचवर गेल्यावर: "मी सोडू का तो?"

पायरी उंच. तेजरामनं हात द्यायला केला, तिनं घेतला नाही.
आत सीटवर त्याचा गमछा तसाच, धुळीनं कडक.
तो तिनं बाजूला नाही केला. त्याच्यावरच बसली.
दांड्याची मूठ दाखवली मी. उचल, पुढं लोट.
काहीच झालं नाही आधी.
मग खालून, चारही मागच्या जोडांतून,
एकामागून एक, टक. टक.
गंजलेले पट्टे सुटले ड्रमवरून
आणि एवढं मोठं धूड अर्धी वीत मागं आलं,
दगडावर टेकलं. थांबलं.
तिनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं.
कोणी काही म्हणालं नाही. कॉम्प्रेसर तेवढा ओरडत होता.

क्रेनवाल्यानं हुक लावला. विचारलं, कापशीपर्यंत पुरन का हवा?
पुरन. नाही पुरली तर जिथं असन तिथं थांबन.
एवढं तरी बरं असते गाडीचं.

"किती झाले?" बाई.
टायरची असती तर चाकामागं दहा रुपये.
पेट्रोल जळलं, पाइपचा तुकडा, पोराचा चहा.
ह्या हवेचा भाव मला लावता येईना.
दीडशे म्हटलं.
तिनं दोनशे दिले आणि हात तसाच पुढं ठेवला,
पन्नास मिळेपर्यंत.

ट्रक गेल्यावर खाली पिवळ्या गवताचा चौकोन उरला,
तेलाचा काळा डाग, आणि तो दगड.
तेजरामनं नळी गुंडाळली.
टोकाशी उरलेली हवा धुळीवर सुटली,
जरा वेळ, जमिनीलगत.